जीवरासायनिक गतिकी

सजीवांच्या शरीरात चालणाऱ्या रासायनिक विक्रियांचे वेग, त्या वेगांवर परिणाम करणारे घटक आणि वेगांच्या मापनावरून रेणूंच्या प्रत्यक्ष वर्तनाविषयी काढता येणारे निष्कर्ष यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रशाखेला जीवरासायनिक गतिकी म्हणतात. एखादी विक्रिया ऊर्जेच्या दृष्टीने शक्य आहे की नाही, हे ऊष्मागतिकी (उष्णता व ऊर्जा यांच्या परस्परसंबंधांचे शास्त्र) सांगते. ती किती वेळात होईल, हे मात्र तिला सांगता येत नाही. सजीवांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा ठरतो. साखरेचे पाण्याच्या योगाने होणारे विघटन हे याचे बोलके उदाहरण आहे. ही विक्रिया ऊर्जेच्या दृष्टीने पूर्णपणे अनुकूल असूनही उदासीन पाण्यात २५° से. तापमानाला निम्मी साखर विघटित होण्यास सुमारे ४४० वर्षे लागावीत, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांवरून दिसते. यीस्टचा थोडासा अर्क घातल्यास तेच काम काही मिनिटांत होऊ लागते. जीवसृष्टीचे सारे व्यवहार या दोन वेगांमधील तफावतीवर चालतात.

या शाखेचा जवळजवळ सर्व पाया सुक्रोज (ऊस-साखर) या एकाच पदार्थावरील प्रयोगांतून घातला गेला, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाला विशेष जवळची वाटावी. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर उभा राहिलेला फलटण तालुका, त्यातील साखरवाडीचा जुना साखर कारखाना व पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, त्याच्या दक्षिणेस कराड-सांगली भागातील गुऱ्हाळे या सर्व ठिकाणी शास्त्रज्ञांनी काचपात्रांत अभ्यासलेली तीच विक्रिया दररोज घडत असते आणि तिच्या वेगावर शेतकऱ्याचे उत्पन्न काही अंशी अवलंबून असते. म्हणून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः उसातील साखरेचेच उदाहरण घेतले आहे.

विक्रिया व तिचे मापन : सुक्रोजाच्या रेणूत ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांचे रेणू एकमेकांना जोडलेले असतात. पाण्याचा एक रेणू घेऊन ही जोडणी तुटली म्हणजे दोन्ही शर्करा मोकळ्या होतात. सुक्रोजाचा विद्राव ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे फिरवितो. ग्लुकोजही ते उजवीकडेच फिरविते. परंतु फ्रुक्टोज ते त्याहून अधिक जोराने डावीकडे फिरविते. परिणामी विघटन जसजसे होत जाते तसतशी उजवी वलनदिशा कमी होऊन अखेर ती डावी होते. वलनदिशा अशी उलटत असल्यामुळे या विघटनाला अपवर्तन व तयार होणाऱ्या मिश्रणाला अपवृत्त शर्करा अशी नावे पडली. ध्रुवणमापक या उपकरणाने विद्रावाला हात न लावता विक्रियेची प्रगती क्षणोक्षणी वाचता येते. एकोणिसाव्या शतकात अशी सोय असणाऱ्या विक्रिया फारच थोड्या होत्या. साखरेची निवड झाली ती त्यामुळे. साखर उद्योगाशी तिचा काही संबंध नव्हता.

ऐतिहासिक आढावा : जर्मन शास्त्रज्ञ व्हिल्हेल्मी यांनी १८५० मध्ये अम्लाच्या सान्निध्यात होणाऱ्या अपवर्तनाचे मापन केले आणि कोणत्याही क्षणी विक्रियेचा वेग त्या क्षणी शिल्लक असलेल्या सुक्रोजाच्या प्रमाणात असतो, असे दाखवून ते गणिती समीकरणात मांडले. रासायनिक विक्रियेच्या वेगाचे हे पहिले समीकरण होय. ते तीस वर्षांहून अधिक काळ दुर्लक्षित राहिले. पुढे ओस्टव्हाल्ट यांनी त्याकडे लक्ष वेधले. स्वीडनचे आऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये तापमान व वेग यांचा संबंध सांगणारा प्रसिद्ध नियम मांडला, तोही अम्लाने होणाऱ्या साखरेच्या अपवर्तनाचा विचार करतानाच. रेणूंची टक्कर होणे पुरेसे नसून विशिष्ट किमान ऊर्जा असलेलेच रेणू विक्रिया करू शकतात, हे त्यामागील तत्त्व आहे. या किमान ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात.

दरम्यान फ्रान्समध्ये बेर्तलो यांनी १८६० मध्ये यीस्टपासून अपवर्तन घडविणारा पदार्थ अलग केला. त्यास आज इन्व्हर्टेज म्हणतात. हे एंझाइम (सजीवांतील विक्रिया जलद करणारे प्रथिन) अम्लाप्रमाणे वागत नाही, हे हळूहळू लक्षात येऊ लागले. इंग्लंडमध्ये मद्यनिर्मितीच्या रसायनशास्त्राचा अभ्यास करणारे एड्रियन ब्राउन यांना १९०२ मध्ये असे आढळले की, साखरेचे प्रमाण बरेच असताना ते आणखी वाढविले तरी वेग वाढत नाही. यावरून त्यांनी एंझाइम व साखर यांचा एक अल्पजीवी संयोग होत असावा व तो मोडण्यास ठराविक अवधी लागत असावा, असे अनुमान काढले. अशा रेणूसंयोगाला कोणी पाहिले नव्हते. तो केवळ वेगाच्या आकड्यांवरून ओळखला गेला. वेगाचे मापन करून न दिसणाऱ्या रेणूंविषयी बोलण्याची ही पद्धतच जीवरासायनिक गतिकीचे खरे बळ आहे.

पॅरिसमध्ये व्हिक्टर आंरी यांनी १९०३ मध्ये या कल्पनेला गणिती रूप दिले. तथापि त्यांच्या प्रयोगांत दोन उणिवा राहिल्या होत्या : विद्रावाच्या अम्लतेवर नियंत्रण नव्हते आणि नव्याने मोकळ्या झालेल्या शर्करांची वलनशक्ती काही काळ बदलत राहते, याचा हिशेब घेतलेला नव्हता. बर्लिनमधील एका रुग्णालयाच्या छोट्या प्रयोगशाळेत लिओनोर मिखाएलिस व कॅनडातून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी या दोन्ही उणिवा दूर केल्या. पीएच मूल्याची (अम्लतेच्या मापाची) कल्पना सरेन्सेन यांनी १९०९ मध्ये नुकतीच मांडली होती. तिचा उपयोग करून त्यांनी अम्लता स्थिर राखली आणि ठराविक वेळी क्षार मिसळून विक्रिया थांबविली व वलन स्थिर झाल्यावरच वाचन घेतले. त्यांचा निबंध १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मिखाएलिस–मेंटेन समीकरण : या समीकरणानुसार

वेग = (कमाल वेग × साखरेची संहती) ÷ (मिखाएलिस स्थिरांक + साखरेची संहती)

येथे संहती म्हणजे विद्रावातील प्रमाण होय. ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो, ती संहती म्हणजेच मिखाएलिस स्थिरांक. साखर फार थोडी असताना वेग तिच्या प्रमाणात वाढतो. साखर विपुल असताना एंझाइमाचा प्रत्येक रेणू कामात गुंतलेला असतो आणि वेग कमाल मर्यादेला जाऊन थांबतो. गुऱ्हाळातील चरकाचे उदाहरण घेतल्यास, चरकापाशी उसाच्या कितीही मोळ्या रचल्या तरी तासाला निघणारा रस चरकाच्या ताकदीनेच ठरतो, तसाच हा प्रकार आहे. मूळ निबंधात यीस्टच्या इन्व्हर्टेजासाठी हा स्थिरांक दर लिटरला ०·०१६७ मोल, म्हणजे लिटरमागे साधारण पावणेसहा ग्रॅम सुक्रोज, इतका आला.

सन १९२५ मध्ये केंब्रिज येथील ब्रिग्ज व हॉल्डेन यांनी या समीकरणाची अधिक व्यापक सिद्धता दिली. संयोगाच्या घडण्याचा व मोडण्याचा वेग सारखा होऊन त्याचे प्रमाण काही काळ स्थिर राहते, एवढेच त्यांनी गृहीत धरले. समतोलाची अट काढून टाकली. यांतील जे. बी. एस. हॉल्डेन हे पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले व भारतीय नागरिक झाले. त्यांचे १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निधन झाले. आनुवंशिकीवरील कार्यामुळे ते येथे ओळखले जातात; एंझाइमांच्या गतिकीतील त्यांचा वाटा त्यामानाने कमी परिचित आहे.

उसातील साखर : उसाच्या पानात तयार झालेले सुक्रोज खोडात उतरते आणि पेऱ्यांतील पेशींच्या रिक्तिकांमध्ये (पेशीतील रसाच्या पिशव्यांमध्ये) साठविले जाते. ही साठवण म्हणजे एकदा भरून ठेवलेली कोठी नव्हे. खोडात सुक्रोज सतत तयार होत असते व सतत तुटत असते; दोन्ही वेगांच्या फरकातून साठा वाढतो. ऑस्ट्रेलियात १९६० नंतरच्या दशकात हॅच, ग्लॅस्झिऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, कोवळ्या, वाढत्या पेऱ्यांत अम्ल इन्व्हर्टेज भरपूर असते व तेथे आलेली साखर तोडून वाढीसाठी वापरली जाते. पेरे पक्व होताना हे एंझाइम कमी होते आणि साठा टिकू लागतो. उसाचे 'पिकणे' हे अशा रीतीने बऱ्याच अंशी एका एंझाइमाच्या ओसरण्याची क्रिया आहे. तोडणीच्या वेळी शेंड्याकडील वाढे काढून टाकण्याचा व ऊस जमिनीलगत तोडण्याचा आग्रह धरला जातो, त्याचे कारणही यातून कळते. बुडख्याकडे साखर अधिक व एंझाइम कमी. शेंड्याकडे नेमके उलट.

मिखाएलिस–मेंटेन समीकरण येथे लावून पाहणे उद्बोधक ठरते. पक्व उसाच्या रसात लिटरमागे सुमारे १८० ग्रॅम सुक्रोज आहे असे धरू. यीस्टच्या एंझाइमाचा वर दिलेला स्थिरांक वापरल्यास वेग कमाल वेगाच्या सुमारे ९७ टक्के येतो. उसातील इन्व्हर्टेजाचा स्थिरांकही साधारण याच प्रतीचा असल्यामुळे निष्कर्ष फारसा बदलत नाही. रसातील साखर निम्म्यावर आली, तरी वेग ९४ टक्क्यांच्या आसपास राहील. म्हणजे उसात असलेले एंझाइम साखरेने संपृक्त झालेले असते, आणि तासाला किती साखर तुटेल हे ऊस किती गोड आहे यावर जवळजवळ अवलंबून नसते. एंझाइमाचे प्रमाण, तापमान व अम्लता यांवर ते ठरते. प्रत्यक्षात अतिशय दाट विद्रावात वेग काहीसा मंदावतो आणि मोकळ्या झालेल्या शर्कराही एंझाइमाला थोडा अडथळा करतात. परंतु मुख्य मुद्दा तसाच राहतो.

तोडणीनंतरचा ऱ्हास : ऊस तोडला की पानांकडून येणारा पुरवठा बंद पडतो, पेशी मात्र जिवंत असतात. श्वसन चालू राहते, खोड सुकू लागते आणि इन्व्हर्टेजाचे प्रमाण पुन्हा वाढते. सुक्रोज तयार होण्याची बाजू थांबून तुटण्याची बाजू तेवढी उरते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हा ऱ्हास मंद असतो. फलटणसारख्या पर्जन्यछायेतील भागात मार्च-एप्रिलमध्ये दुपारचे तापमान ४०° से.च्या आसपास जाते, तेव्हा तो लक्षणीय होतो. एंझाइमांचा वेग दर १०° से. वाढीस साधारण दीडपट ते दुप्पट होतो, हा ठोकताळा येथे उपयोगी पडतो.

याच्या जोडीला सूक्ष्मजंतूंची कामगिरी सुरू होते. तोडलेल्या टोकांतून व सालीच्या भेगांतून ल्युकोनॉस्टॉक वंशाचे जंतू आत शिरतात, सुक्रोजातील ग्लुकोजाच्या साखळ्या गुंफून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतात व अम्लही सोडतात. एंझाइमामुळे होणारे नुकसान तासागणिक जवळपास सारख्या हप्त्याने वाढते. जंतूंची संख्या मात्र दुपटीने वाढत जात असल्याने त्यांच्यामुळे होणारे नुकसान आरंभी नगण्य आणि नंतर एकाएकी मोठे असते. पहिल्या दिवसाच्या अनुभवावरून तिसऱ्या दिवसाचा अंदाज बांधणारा फसतो, तो या दोन गणितांतील फरकामुळे. जळीत उसाची साल तडकलेली असते, म्हणून तो अधिकच लवकर बिघडतो.

शिळा ऊस ओळखणे वाटते तितके सोपे नाही. शेतावर वापरले जाणारे हातातील ब्रिक्समापक रसातील एकूण विद्राव्य पदार्थ मोजते. ३४२ भाग सुक्रोज तुटून ३६० भाग साध्या शर्करा होतात आणि खोड सुकल्याने रस दाट होतो. त्यामुळे शिळ्या उसाचा ब्रिक्स ताज्या उसापेक्षा अधिकही दिसू शकतो. ध्रुवणमापकावर सुक्रोजाची घट दिसते. परंतु डेक्स्ट्रान स्वतः प्रकाशाचे प्रतल जोराने उजवीकडे फिरवीत असल्यामुळे फार बिघडलेल्या रसात तेही वाचन फुगते. अशा वेळी मोकळ्या शर्करांचे स्वतंत्र मापन केल्याशिवाय खरी स्थिती कळत नाही.

या ऱ्हासाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ऊस वजनावर घेतला जातो, त्यामुळे वाळल्याने झालेली घट ज्याचा ऊस फडात किंवा गाडीत अडकला त्या शेतकऱ्याच्या पदरी येते. तुटलेली साखर मात्र कारखान्याच्या सरासरी उताऱ्यातून कमी होते आणि उसाचा किमान दर (२००९ पासून 'रास्त व किफायतशीर दर') या उताऱ्याशी जोडलेला असल्याने ती घट सर्व ऊस उत्पादकांत वाटली जाते. तोडणी व गाळप यांत २४ तासांहून अधिक अंतर पडू नये, हा नियम सर्वांना माहीत असतो. तोडणी टोळ्यांची उपलब्धता, वाहतूक व यंत्रातील बिघाड यांमुळे तो पाळला जातोच असे नाही. शास्त्राला येथे फक्त उशिराची किंमत सांगता येते.

पाडेगाव येथील १९३२ मध्ये सुरू झालेले ऊस संशोधन केंद्र हे महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. कोईमतूर येथे निर्माण झालेल्या जाती महाराष्ट्राच्या हवामानात पारखून त्यांची शिफारस करणे व नव्या जाती काढणे हे त्याचे काम. को ८६०३२ ही राज्यात मोठ्या क्षेत्रावर पसरलेली जात अशीच पारखली गेली. लवकर पक्व होणाऱ्या, मध्यम व उशिरा पक्व होणाऱ्या जातींची लागण व तोडणी यांचा मेळ घालणे म्हणजे एका अर्थी प्रत्येक जातीतील साखर साठण्याच्या व तुटण्याच्या वेगांचे वेळापत्रक सांभाळणे होय.

कारखान्यात व गुऱ्हाळात : रस काढल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलते. तापविल्यावर एंझाइम नष्ट होते. परंतु ताजा रस मुळातच काहीसा आम्ल (पीएच मूल्य ५ ते ५·५ च्या आसपास) असल्यामुळे व्हिल्हेल्मी यांनी अभ्यासलेले अम्लजन्य अपवर्तन जोर धरते. त्याची सक्रियण ऊर्जा मोठी, दर मोलला सुमारे १०८ किलोजूल आहे. आऱ्हेनियस यांच्या नियमाने हिशेब केल्यास ३०° से. पेक्षा १००° से.ला हा वेग सुमारे तीन हजार पट होतो. दुसरीकडे पीएच मूल्य एका अंकाने वाढविले, तर वेग एकदशांश होतो. म्हणूनच रस उकळण्यापूर्वी त्यात चुना घालून पीएच मूल्य ७ च्या जवळ आणतात. चुना अधिक झाल्यास मोकळ्या शर्करांचे विघटन होऊन रंग काळपट होतो. गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी टाकताना जो अंदाज घेतो, तो या दोन विक्रियांच्या वेगांमधील अरुंद वाटेचा असतो. काहिलीतील पाक ११८° से.च्या सुमारास उतरवितात. तेथवर पोचण्यास वेळ लागला तर अपवृत्त शर्करा वाढते. अपवृत्त शर्करा हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात पाघळणारा गूळ हा बहुधा शिळ्या उसाचा, कोवळ्या उसाचा किंवा कमी चुन्याचा असतो.

गोड ज्वारी : फलटण येथे बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर (जिच्या ताटांत गोड रस असतो अशा ज्वारीवर) दीर्घकाळ काम केले. उसापेक्षा कमी पाण्यात व कमी काळात येणारे हे पीक वरची कणसे धान्यासाठी व ताटे रसासाठी देते. रसापासून काकवी व मद्यार्क तयार करण्याचे प्रयोग तेथे झाले. मद्यार्काच्या ऊर्ध्वपातनासाठी सौर उष्णताही वापरून पाहण्यात आली. या ताटांत सुक्रोजाबरोबर ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे प्रमाण उसाहून अधिक असते व तोडणीनंतर सुक्रोज लवकर तुटते, त्यामुळे त्यापासून दाणेदार साखर करणे जिकिरीचे ठरते. काकवी व मद्यार्क यांना मात्र अपवर्तनाची अडचण नाही. यीस्ट तरी सुक्रोज आधी तोडूनच वापरते. जे एका उद्योगाला नुकसान, ते दुसऱ्याला अर्धे झालेले काम.

मानवी शरीरातील उदाहरणे : संपृक्त एंझाइमाचे वर्तन यकृतातही दिसते. मद्यार्काचे विघटन करणारे एंझाइम थोड्या मद्यार्कानेच संपृक्त होते, त्यामुळे रक्तातील मद्यार्क ताशी जवळजवळ ठराविक प्रमाणात कमी होतो व अधिक प्यायल्याने ते काम जलद होत नाही. हेच एंझाइम मिथिल अल्कोहॉलापासून फॉर्माल्डिहाइड व त्यातून पुढे फॉर्मिक अम्ल तयार होण्यास कारण होते. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथिल अल्कोहॉलाच्या या रूपांतरामुळे. अशा रोग्याला साधा मद्यार्क अथवा फोमेपिझोल देतात. दोन पदार्थ एकाच एंझाइमासाठी स्पर्धा करू लागले म्हणजे ज्याचा संयोग अधिक दृढ, त्याची सरशी होते. विषाचे रूपांतर मंदावते आणि ते न बदलता शरीराबाहेर काढण्यास अवधी मिळतो.

विदर्भात व नंदुरबारकडील आदिवासी समाजात आढळणाऱ्या दात्रकोशिका विकारात (सिकल सेल) गतिकीचे निराळेच रूप दिसते. या विकारातील हीमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांस चिकटून तंतू बनविते व तांबडी कोशिका विळ्यासारखी वाकते. अमेरिकेत हॉफ्रिक्टर, रॉस व ईटन यांनी १९७४ मध्ये दाखविले की, तंतू बनू लागण्यापूर्वी काही विलंबकाळ जातो आणि हा विलंबकाळ हीमोग्लोबिनाच्या संहतीच्या अतिशय उच्च, पंधरा ते तीस इतक्या, घातांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. कोशिका केशवाहिनीतून विलंबकाळ संपण्याच्या आत बाहेर पडली, तर ती वाकत नाही. रोग्याने भरपूर पाणी प्यावे हा सल्ला आणि गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनाचे प्रमाण वाढविणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध, दोन्हींमागे हा विलंबकाळ वाढविण्याचा हेतू आहे.

संपूर्ण पेशीचा विचार : एका एंझाइमाचे समीकरण हाती आल्यावर अनेक एंझाइमांची समीकरणे एकत्र सोडवून पेशीतील साऱ्या मार्गाचे गणित मांडता येते. दक्षिण आफ्रिकेतील रोवेर व बोथा यांनी २००१ मध्ये उसाच्या खोडातील साखर साठण्याचे असे प्रतिमान प्रसिद्ध केले. त्यांच्या हिशेबात तयार झालेल्या सुक्रोजापैकी सुमारे २२ टक्के पुन्हा तोडले जाऊन तेच चक्र फिरत राहते. ही उधळपट्टी कमी करण्यासाठी पेशीद्रवातील उदासीन इन्व्हर्टेज कमी करणे आणि सुक्रोज रिक्तिकेत नेणारे वाहक प्रथिन वाढविणे हे मार्ग अधिक फलदायी ठरावेत, असे त्यातून दिसले. अशा प्रतिमानांत वापरलेले स्थिरांक परीक्षानळीत, पातळ विद्रावात मोजलेले असतात. पेशीत प्रथिनांची दाटी असते, काही रेणू मोजके असतात आणि एंझाइम एका कप्प्यात व साखर दुसऱ्या कप्प्यात असू शकते. उसाचे कांडे चरकात चिरडले जाते त्या क्षणी या कप्प्यांच्या भिंती फुटतात आणि तोपर्यंत केवळ कागदावर असलेला कमाल वेग रसात खरोखरच सुरू होतो.